तीन सूत

माझ्या दुकानात शिरणारा माणूस आधी त्या काचेच्या पेटीपुढे थबकतो. आत एक ट्रक आहे — फूटभर लांबीचा, लाकूड आणि पत्र्याचा, चाकाच्या नटापासून मागे टांगलेल्या लिंबू-मिरचीपर्यंत सगळं जिथल्या तिथे. लोक वाकून बघतात, मोबाइलवर फोटो काढतात, म्हणतात, वा मिस्त्री, हुबेहूब! मी मान डोलावतो. त्या ट्रकमध्ये एक गोष्ट खोटी आहे, आणि ती मी मुद्दाम खोटी केलेली आहे, हे आजवर कुणाला माहीत नाही. बायकोला नाही. ज्याने त्याच्यावर रंग चढवला त्या यासीनचाचालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्याशी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावं लागतं.

मी जव्हारचा सुतार. बाबाही सुतार — पण खुर्च्या-पलंगवाले नव्हेत. बाबा ट्रकचे हौदे बांधायचे. आता तुम्हाला वाटत असेल ट्रक कारखान्यातून जसा दिसतो तसाच बाहेर येतो. आमच्या लहानपणी तरी तसं नव्हतं. कंपनी द्यायची सांगाडा — इंजिन, चाकं, खालच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. ज्या हौद्यात माल भरायचा तो लाकडी हौदा मालकाने आपल्या सुताराकडून बांधून घ्यायचा. तळाच्या फळ्या, तळाखाली आडव्या तुळया, बाजूला फाळके, म्हणजे माल अडवणाऱ्या फळ्या. आणि माप? माप सुताराच्या डोक्यात. इंचात आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एवढं कळलं की तुम्हाला पुढचं सगळं कळेल.

ही माहिती काही मी हौस म्हणून देत नाही. माझं सगळं पाप याच एका गोष्टीवर उभं आहे. लाकडी हौद्याचं खरं माप जगात कुठे लिहिलेलं नसतं.

माधवबद्दल आधी बोलायला हवं. नाव घेतलं तरी अजून तोंड कडू होतं, पण बोलायला हवं. माधव वावर गावाच्या पुढच्या एका पाड्यावरचा. घरची भात-नाचणीची शेती, वर्षातले चार महिने धाकट्या भावाला — लक्ष्मणला — घेऊन वीटभट्टीवर. तिथून ड्रायव्हरी शिकला, आणि एक दिवस जुना सांगाडा विकत घेऊन थेट बाबांच्या दारात उभा राहिला. त्यांच्या पाड्यातला पहिला ट्रक. तेव्हापासून गडी जो हवेत गेला तो गेलाच! बाजारात आला की हॉर्न दोन गल्ल्यांपलीकडून वाजवायचा. चहा सगळ्यांना, टाळी सगळ्यांना, आणि थट्टा — थट्टाही सगळ्यांची. लोकांना आवडायचा. मला नाही आवडायचा, पण तेव्हा त्याला काही कारण नव्हतं.

त्याचा हौदा बाबांनी बांधला. शेवटचा हौदा. मी तेव्हा ठाण्याला फर्निचरच्या कारखान्यात होतो, घरी नव्हतो. बाबांचा उजवा हात तोवर थरथरायला लागला होता. कंपवात. घास तोंडापर्यंत नेताना अर्धा भात ताटात परत. तरी त्यांनी एकट्याने तो हौदा उभा केला, आणि काही महिन्यांत तोरंगण घाटात त्याचा एक फाळका सुटला. गवताच्या पेंढ्या दरीत गेल्या, माणूस कोणी गेला नाही. माधव बाबांकडे परत आला नाही. नाशिकला जाऊन फाळका बसवून आणला. ते तरी एक वेळ ठीक. गिऱ्हाईक आहे, जाईल कुठेही.

पण मग ती दिवाळी. मी सुट्टीला आलो होतो. बाबांना स्वतःच्या हाताने दाढी करता येईना, म्हणून एस.टी. स्टँडजवळच्या सलूनमध्ये घेऊन गेलो. खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड, अर्ध्या गालाला साबण. समोर आरसा. आणि आरशात, रस्त्यापलीकडची चहाची टपरी. टपरीवर माधव. चार ड्रायव्हर भोवती. त्याने चहाचा ग्लास उजव्या हातात धरला आणि हात थडथड हलवायला लागला. चहा शर्टावर, चहा जमिनीवर. दुसऱ्या हाताने टपरीचं फळकूट मोजल्यासारखं करत ओरडत होता, "मिस्त्री माप घेतायत रं! बाजूला व्हा, मिस्त्री माप घेतायत!" लोक पोट धरून हसत होते. चहावालाही हसत होता.

बाबांनी ते सगळं पाहिलं. मान वळवता येत नव्हती, वस्तरा गळ्याशी होता — त्यांना पाहावंच लागलं. मी काय केलं? काही नाही. उठून रस्ता ओलांडून त्याची कॉलर धरायला काय जात होतं माझं? नाही धरली. न्हाव्याला म्हणालो, जरा लवकर उरका. घरी आल्यावर बाबांनी रंधा, पटाशी, करवत सगळं एका गोणीत भरलं आणि गोणी माळ्यावर टाकली. नंतर कधी खाली काढली नाही. दुसऱ्या वर्षी ते गेले. ते कंपवाताने गेले असं लोक म्हणतात. मी मनात म्हणायचो, माधवने मारले.

ही झाली माझी बाजू. बघा, लगेच बाजू मांडायला लागलो. सवय जात नाही.

ठाणं सोडून मी जव्हारला परत आलो, दुकान चालवायला घेतलं. खिडक्या, चौकटी, लग्नातले पलंग. पावसाळ्यात आमच्याकडे कामं नसतात. त्या रिकाम्या दिवसांत मोबाइलवर बघून बघून छोट्या गाड्या बनवायचा नाद लागला. पहिली लाल एस.टी. केली, मग जीप, मग टँकर. टायर जुन्या चपलेच्या रबराचे, पत्रा तेलाच्या डब्याचा, लाकूड शिवणीचं. शिरपामाळ बघायला येणारे पाहुणे बाजारात फिरताना विकत न्यायला लागले. पण नुसतं खेळण्यासारखं दिसणं मला पुरेना. मला माप हवं होतं. दोन फुटाला एक इंच, म्हणजे खऱ्याचा चोविसावा भाग, आणि त्यात सुताचीही चूक नको. माझ्या हातून चूक व्हायचीच नाही. मी कुणाचा मुलगा आहे ते या गावाला दाखवायचं होतं.

म्हणून मी कागद शोधू लागलो. मोबाइलवर कंपनीचं पत्रक सापडलं, त्यात सांगाड्याची सगळी मापं मिलिमीटरमध्ये. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, टायरचा घेर, पट्ट्यांची रुंदी. ती मी दुपारचं जेवण झालं की पाटीवर खडूने इंचात आणि सुतात उतरवायचो. छोट्या गाड्या बनवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात पुण्याचे एक गृहस्थ मला रोज शिकवायचे — मिस्त्री, पत्रकाप्रमाणे जा, स्वतःच्या नजरेवर जाऊ नका. अहो, पत्रकात हौदा आहेच कुठे! तिथे एक ठिपक्यांचा चौकोन आणि खाली लिहिलंय की बॉडी ग्राहकाच्या गरजेप्रमाणे. आणि सांगाडा तरी पत्रकातला कुठे राहतो? आमच्या घाटात चालवायला प्रत्येकजण मागे स्प्रिंगचा एक पाटा जास्त घालून घेतो, गाडी दोन बोटं उचलते. रिकाम्या गाडीचा टायर गोल, भरल्या गाडीचा खाली बसलेला. कोणतं माप खरं? ज्या गाडीची प्रतिकृती करायची तीच गाडी उभी करून मोजायची, दुसरा मार्ग नाही.

आणि मी ठरवलं, मोजायची तर माधवची. बाबांच्या हातचा दुसरा हौदा कुठे शिल्लकच नव्हता. हे मी अगदी खरं सांगतोय — तेव्हा मनात सूड नव्हता. आठवण हवी होती फक्त. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

माधवला विचारलं तर त्याला आभाळ ठेंगणं. "माझ्या गाडीचा पुतळा?" म्हणाला. रविवारची फेरी सोडून ट्रक माझ्या दुकानासमोर सपाट जागा बघून उभा केला. कॅबिन धुऊन पुसून आणली होती. मी खाली सरपटत शिरलो की हा वाकून टेपचं दुसरं टोक धरायचा. दोनदा चहा आणला, माझ्या घरातल्यांसाठी भजी आणली. मी हौदा बाहेरून मोजला, आतून मोजला, फळीची जाडी घेतली, खिळ्यातलं अंतरसुद्धा घेतलं. सगळं बरोबर जुळत होतं. बाहेरची उंची वजा तळ, बरोबर आतली खोली. बाबांचं माप थरथरत्या हाताने घेतलेलं होतं, तरी एक सूत इकडचं तिकडे नव्हतं! माझे डोळे भरून आले. टेप हातात तसाच धरून मी हौद्यात उभा राहिलो.

खाली बघ्यांची गर्दी. माधवचं तोंड गर्दीत कधी गप्प बसलंय? तो खालून ओरडला, "नीट धर रं सुतारा, बापासारखा हात नको हलवू!" आणि सगळे हसले. मीही हसलो. हो, मीसुद्धा. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी दात काढून हसत होतो. त्या क्षणी मी ठरवलं. काय करायचं ते कळलं नव्हतं, पण याचा काटा काढायचा एवढं ठरलं.

काय करायचं ते मला लाकडानेच सुचवलं. छोट्या हौद्याचा तळ बसवताना. तळाच्या फळ्या मी जागेवर ठेवून बघत होतो आणि मनात आलं — ही फळी तीन सूत वर बसवली तर? छोट्या ट्रकमध्ये तीन सूत म्हणजे खऱ्यात नऊ इंच. बाहेरून हौदा तसाच दिसणार, आतून नऊ इंच उथळ. मग ते मधले नऊ इंच कुठे गेले? आमच्या भागात हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर एकच. खैर. सागवान. चोरकप्पा. वर गवताच्या पेंढ्या, खाली चोरून तोडलेले ओंडके. अशा गाड्या पूर्वी सापडल्या आहेत, शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तीन सूत. तीन सूत जाडीच्या दोन पट्ट्या घेतल्या, सरस लावला, त्यांच्यावर तळ चिकटवला. हात जराही थरथरला नाही.

यासीनचाचा रंग द्यायला आला. खऱ्या ट्रकवरची फुलं, मोर, पाठीमागची अक्षरं त्याच्याच हातची, त्यामुळे छोट्यावरही त्यानेच काढावीत असा माझा हट्ट. ब्रश आत घालताना तो थांबला. "बेटा, अंदर से ये जरा उथळ नाही वाटत?" असं त्याचं अर्धं हिंदी अर्धं मराठी. मी म्हणालो, चाचा, माप आहे तसं आहे. त्याने खांदे उडवले आणि मोर काढायला घेतला. त्याने एकदा जरी जोर धरला असता — पण तो का धरेल? माझं माप चुकत नाही हे सगळ्या बाजाराला ठाऊक.

त्या हिवाळ्यात इथे कारागिरांचं एक प्रदर्शन भरलं. वारली चित्रं, बांबूच्या टोपल्या, आणि मधोमध माझा ट्रक. खाली पाटी: प्रत्येक माप खऱ्या गाडीवरून घेतलेलं, दोन फुटाला एक इंच. शेजारी मी एक छोटी पट्टी ठेवली होती, लोकांनी स्वतः मोजून बघावं म्हणून. लोकांना गंमत वाटली. माधव तर तिन्ही दिवस तिथेच, येईल त्याला सांगायचा की ही माझी गाडी, नंबरसुद्धा माझा. वनखात्यातले एक गार्ड बायकापोरांसह आले, नवीन बदली होऊन आलेले. पट्टी मी स्वतः त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बघा साहेब, बाहेरून मोजा, आतून मोजा. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणालो, "गाडीत आहे तसंच केलंय, साहेब." आणि दुसरीकडे बघितलं.

तुम्हाला वाटलं असेल, झाला कबुलीजबाब, हेच ते. नाही हो. एवढंच असतं तर मी बोललोही नसतो कदाचित. राग होता, रागात माणूस करून बसतो. पुढचं ऐका.

पुढच्याच आठवड्यात वनखात्याने माधवची गाडी अडवली आणि चौकीच्या आवारात आणून लावली. तळाच्या फळ्या उचकटायला सुतार हवा. कोणाला बोलावणार? मलाच. मी पहार, हातोडी घेऊन गेलो. माधव बाजूला उभा, तोंड उतरलेलं, पण मला बघून त्याला हायसं वाटलं. मोठ्याने म्हणाला, "बरं झालं तुलाच बोलावलं. तूच सांग यांना." लक्ष्मणही होता. गाडी आळीपाळीने दोघे भाऊ चालवायचे.

फळी मीच उचकटली. खाली अर्थात काही नव्हतं. असणार कुठून? आडव्या तुळया, आणि खाली जमीन दिसत होती. गार्ड दुसऱ्या बाजूने वाकून ओंडके शोधत होते. मी आणि माधव या बाजूला. आणि तेव्हा माझी नजर मधल्या तुळईवर पडली.

ती सागाची नव्हती. वरून डांबर फासलेलं, पण फळी निघाली तसा तिचा एक पापुद्रा सोबत आला होता. आत जुनं, किडलेलं, कुणाच्या तरी पडक्या घराचं लाकूड — आणि किडलेल्या भोकांत भुसा आणि सरस कालवून भरलेला. मी सुतार आहे. हा प्रकार मला कोणी समजावून सांगायला नको. तिलाच फाळक्याचा खांब अडकवलेला. तोरंगणला फाळका का सुटला ते माझ्या समोर उघडं पडलं होतं. हात थरथरला म्हणून नव्हे. बाबांनी सागाचं सांगून हे लाकूड आत घातलं होतं आणि डांबर फासून झाकलं होतं.

माधवनेही पाहिलं. जंगलाशेजारी वाढलेला माणूस, त्याला लाकूड कळत नाही होय? त्याने तुळईवर बोट दाबलं, भुसा खाली गळला. मग माझ्याकडे बघितलं. भोवती ही गर्दी — गार्ड, ड्रायव्हर, बाजारातली निम्मी माणसं. हाच तो माणूस, ज्याला गर्दी दिसली की तोंड आवरत नाही. आता बोलेल, मला वाटलं. आता बाबांचं नाव घेईल, आणि या वेळी खरं बोलेल.

त्याने उचकटलेली फळी घेतली आणि तुळईवर परत ठेवली. हाताने दाबून बसवली. म्हणाला, "झालं ना साहेब? खाली काय नाय."

मला कळत होतं त्याने काय झाकलं ते. आणि मला काय वाटलं ते सांगू? लाज नाही वाटली. उपकारही नाही वाटले. मला त्याची इतकी चीड आली की कानात आवाज यायला लागला. याने माझ्या बापाला सोडून द्यायचं? याने? आरशासमोर बसवून ज्याचा तमाशा केला त्याच्यावर हा आता दया दाखवणार, आणि मी ती पदरात घेऊन घरी जायचं?

गार्ड माझ्याकडे वळले. म्हणाले, मिस्त्री, तळ तर सरळ आहे. मग तुमच्या त्या गाडीत नऊ इंच कसे आले?

सगळे माझ्याकडे बघत होते. माधव तर हसून बघत होता, सुटलो म्हणून. "चुकलं, साहेब" — एवढे दोन शब्द. दोन शब्दांनी तो सुटत होता आणि माझं काय जाणार होतं? चार दिवस लोक म्हणाले असते, मिस्त्रीचं माप चुकलं. बापासारखंच.

मी म्हणालो, "मी मापलं तेव्हा होतं, साहेब."

हेच ते. हे मी केलं. ट्रकमध्ये तीन सूत घातले ते रागात, पण हे वाक्य मी विचार करून बोललो. हौद्याचं माप जगात कुठे लिहिलेलं नसतं हे मला माहीत होतं. एकच माणूस, माधव, सांगू शकत होता की त्या हौद्याचा तळ कधीच उंच नव्हता, आणि त्याच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती. मापलं तेव्हा होतं, आता नाही — म्हणजे खबर लागली आणि रातोरात काढून टाकलं. कोणालाही असंच वाटणार. पाड्यावरच्या माणसाचा शब्द एकीकडे आणि बाजारातल्या मिस्त्रीचं माप एकीकडे. माधवचं हसू लगेच गेलं नाही. त्याला कळायलाच थोडा वेळ लागला. "काय बोलतोस?" म्हणाला. "मंग तू मोजत होतास तेव्हा मी टेप धरला होता ना रं?" मी खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागलो.

गुन्हा काही शाबीत झाला नाही. पण चौकशीसाठी म्हणून गाडी आवारातच राहिली, आख्खा पावसाळा तिथेच भिजली. गवताच्या शेठने दुसरा ट्रक लावला. वीटभट्टीवाल्यानेही. टपरीवर माधव दिसला की ड्रायव्हर चहा संपवून उठायला लागले — जंगलखात्याच्या नजरेतल्या माणसाजवळ कोण बसणार? गाडी सुटली तेव्हा तळ कुजला होता. ती भंगारात गेली. तो भिवंडीला कुणाच्या तरी कंटेनरवर ड्रायव्हर म्हणून लागला. आणि मी? मला आनंद झाला होता. माळ्यावरून बाबांची गोणी काढली, हत्यारांना तेल लावलं, धार केली. गणपतीत बायकोने सहज विचारलं, आज फार खूश दिसताय. मी म्हणालो, बाजारात गर्दी चांगली आहे.

राग कधी उतरला ते सांगता येणार नाही. पूर्ण उतरलाय असंही म्हणत नाही. आरशातलं ते दृश्य आठवलं की अजून मुठी वळतात. पण हल्ली त्याच्यामागोमाग ती किडकी तुळई दिसते, आणि तिच्यावर फळी ठेवणारा हात दिसतो. बाबांचं ते काम मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या फोटोला मी अजून रोज हार घालतो.

यंदा होळीला माधव गावी आला होता. पाड्याला जाताना वाटेत माझ्या दुकानात आला. मी रंधा मारत होतो, हात थांबला. मला वाटलं, आला आता हिशेब करायला. करावा, म्हटलं. पण तो स्टुलावर बसला, पाणी मागितलं. वाळलाय फार. काचेच्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. खरंच होते ते नऊ इंच?"

रंध्याच्या पात्यात अडकलेला भुसा मी काढू लागलो.

"मी लई विचार केला," म्हणाला. "कंटेनरवर रात-दिवस तेच डोक्यात. मी तर काय केलं नाय. पण तू मोजलंस. तू चुकत नाय, सगळा बाजार म्हणतो, मीपण म्हणतो. मंग गाडी आणखी कोण चालवायचा? लक्ष्मण. त्यानेच माझ्या माघारी काय केलं असेल का? मी त्याला विचारलं तर रडतो नुसता. म्हणून तुला विचारतो. तू सांगशील तेच खरं मानीन."

समजतंय तुम्हाला? त्याने स्वतःच्या हाताने टेप धरला होता. स्वतःच्या डोळ्यांनी तळ बघितला होता, रोज त्याच्यावर उभा राहून माल भरला होता. आणि तरी त्याने माझ्या मापापुढे स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. तो भांडायला आला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. असं वाटतं खरं. पण तो आला होता माझ्यावर विश्वास ठेवून, आणि मला फक्त "नाही" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "होते."

त्याने मान हलवली, दोनतीनदा. पाण्याचा ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि गेला. होळीच्या दिवशीच दोघा भावांत मारामारी झाली, पाड्यावरच्यांनी सोडवली. लक्ष्मण बायकोपोरं घेऊन वसईकडच्या भट्टीवर निघून गेला, तो अजून परत आलेला नाही. माधवने घरात मधोमध कुडाची भिंत घातली असं ऐकलं.

आणि एक राहिलं. "तू चुकत नाय" असं तो म्हणाला ना — तेव्हा मला बरं वाटलं होतं.